सेप्टिक टँकमधलं नायट्रेट विहिरीत किती पोहोचतं, हे कसं ठरवायचं?

घर बांधताना सेप्टिक टँकची जागा ठरवायची वेळ आली की गवंडी एकच गोष्ट विचारतो: विहीर किंवा बोअर किती लांब आहे? पन्नास-साठ फूट अंतर मिळालं की खोदकाम सुरू होतं. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर लांब असावा, असं आयएस २४७० या भारतीय मानकातही म्हटलं आहे. नियम चांगला आहे आणि तो पाळायलाच हवा. पण त्याचा रोख मुख्यतः जंतूंवर आहे. पाणी मातीतून झिरपताना जंतू गाळले जातात, मातीच्या कणांना चिकटतात आणि हळूहळू मरतात. नायट्रेट, म्हणजे मलमूत्रातल्या नायट्रोजनपासून बनणारा आणि तान्ह्या बाळांना घातक ठरणारा पदार्थ, त्याच्या बाबतीत यातलं काहीही घडत नाही. ते पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं आणि पाणी जिथे जाईल तिथे जातं. म्हणून नायट्रेटचा धोका मोजताना फुटांपेक्षा दोन वेगळे आकडे महत्त्वाचे ठरतात: एका हेक्टरवर किती माणसं राहतात, आणि त्या हेक्टरमधून पावसाचं किती पाणी जमिनीत मुरतं. हा हिशोब दहावीच्या गणितापेक्षा अवघड नाही, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रत्येक प्लॉटधारकाला यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राने तर याकडे लक्ष द्यायलाच हवं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या वर निघालं. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे. सर्वाधिक बाधित म्हणून नोंदलेल्या १५ जिल्ह्यांपैकी सात आपले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

ही नावं वाचली की बोट लगेच युरियाकडे जातं. कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात ते बऱ्याचदा योग्यही असतं. पण शेतातली विहीर आणि गावठाणातला हातपंप यांचं दुखणं एकच असेल असं नाही. गावठाणात कोणी युरिया टाकत नाही. तिथे उकिरडे आहेत, गोठे आहेत आणि शौचालयं आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत घरोघरी शौचालयं झाली, त्यातून रोगराई आणि बायकांची कुचंबणा कमी झाली. ते काम मोलाचंच आहे. मात्र जो नायट्रोजन पूर्वी शिवारभर विखुरला जायचा, तो आता घरामागे पाच-सहा फूट खोल, रोज एकाच जागी जमिनीत जातो. खड्डे बांधले, तसा त्यांचा हिशोबही मांडायला हवा.

आता हा नायट्रोजन येतो कुठून ते पाहू. आपण प्रथिनांतून जेवढा नायट्रोजन खातो, तेवढा जवळपास सगळाच शरीराबाहेर टाकतो. भारतीय आहार धरून केलेला अंदाज माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो असा आहे. यातला जवळजवळ ८५ टक्के वाटा लघवीचा. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यावरूनच एक गैरसमज दूर होतो. ‘टाकी वेळेवर उपसली की प्रदूषण थांबतं’ असं अनेकांना वाटतं. टाकी उपसायलाच हवी, नाहीतर गाळ शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबतो. पण उपशात निघतो तो तळाचा गाळ. नायट्रोजनचा मोठा भाग पाण्यात विरघळलेला असतो आणि तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट जवळपास नसतंच, हे ऐकून लोक चकित होतात. टाकीत हवा नसते, त्यामुळे तिथे नायट्रोजन मुख्यतः अमोनियमच्या रूपात राहतो. नायट्रेट बनतं ते शोषखड्ड्याच्या खाली, जिथे मातीच्या किंवा मुरुमाच्या पोकळ्यांत हवा खेळती असते. तिथले जिवाणू प्राणवायू वापरून अमोनियमचं नायट्रेट करतात. यातून एक पेच उभा राहतो. खड्ड्याच्या तळापासून भूजलापर्यंत कोरडा थर जितका जाड, तितके जंतू चांगले गाळले जातात. आणि तितकंच अमोनियमचं नायट्रेटमध्ये रूपांतरही पक्कं होतं. उलट पावसाळ्यात पाणीपातळी वर येऊन खड्डाच पाण्यात बुडाला, तर नायट्रेट कमी बनेल, पण अमोनियम आणि जंतू सरळ भूजलात जातील. म्हणजे जंतूंच्या दृष्टीने उत्तम बांधलेला खड्डा नायट्रेट रोखेल, अशी अपेक्षा ठेवताच येत नाही.

मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. त्याला वाटेत अडवू शकतील अशा गोष्टी दोनच. एक, झाडांची मुळं. दुसरी, प्राणवायू नसलेली पण सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली जागा. तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करतात. आपल्याकडे कर्ब असतो तो वरच्या काळ्या मातीत. आणि आपला खड्डा मात्र ती माती ओलांडून खालच्या मुरुमात उघडतो, मुळांच्याही खाली. दोन्ही पहारे आपणच चुकवलेले असतात.

याचा पुरावा फार सुंदर रीतीने कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मिळाला. रॉबर्टसन, चेरी आणि सुडिकी या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दोन साध्या घरांच्या सेप्टिक टँकखालचं भूजल तपासून प्रसिद्ध केलं. जमिनीत एकमेकींच्या जवळ उभ्या केलेल्या नळ्यांमधून वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी घेतलं. केंब्रिज इथल्या एका घराचा दूषित पट्टा वाळूतून १३० मीटरहून लांब गेलेला दिसला. आणि तो पसरून विरळही झाला नव्हता. अरुंद, तसाच दाट राहून पुढे सरकत होता. दुसरं ठिकाण मस्कोका भागात नदीकाठी होतं. तिथे नदीच्या तळाजवळच्या कर्बयुक्त गाळात शिरताच नायट्रेट जवळपास नाहीसं झालं. एकाच पद्धतीची टाकी, पण खालची जमीन वेगळी म्हणून निकालही वेगळा. पट्टा अरुंद असतो याचा आणखी एक अर्थ आहे: शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीत भरमसाट नायट्रेट आणि दुसरीत काहीच नाही, असं सहज घडू शकतं. ‘शेजाऱ्याचं पाणी चांगलं आलं, मग आपलंही असणार’ हा तर्क इथे चालत नाही.

आपल्याकडे वाळूऐवजी बहुतांश बेसॉल्ट आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग दख्खनच्या या खडकाने व्यापलेला आहे. वर माती, मग मुरूम, मग कुठे सच्छिद्र मांजऱ्या, कुठे भेगाळलेला आणि कुठे अखंड काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत, आणि तेही थोडंच. वाळूच्या जमिनीत साठा मोठा असतो. इथे तो तुटपुंजा, त्यामुळे विरळ करायला पाणीच कमी. शिवाय भेगेतून पाणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जाईल हे वरून सांगणं अवघड. बोअरचं पाणी खोलवरून येतं म्हणून सुरक्षित, हाही भरवसा धरता येत नाही. बोअरला केसिंग पाइप टाकतात तो साधारण मुरूम संपेपर्यंत. त्याखाली भोक उघडंच असतं आणि उथळ भेगांतलं पाणी त्यातून खाली उतरत राहतं. केसिंग खडकात नीट बसवलं नसेल, त्याभोवतीची फट सिमेंटने बंद केली नसेल, तर दोनशे फुटी बोअरमध्येही गावठाणाखालचंच पाणी येतं.

मुख्य हिशोबाकडे येण्याआधी एकक नीट समजून घेऊ, कारण तिथे फार घोळ होतो. भारतीय मानक ४५ मिलिग्रॅम आहे ते ‘नायट्रेट’ म्हणून. अमेरिका आणि कॅनडात मर्यादा १० मिलिग्रॅम सांगतात ती ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून. दोन्ही जवळपास एकच आहेत. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर १२ लिहिलेलं असेल तर ते कशाचे १२, हे विचारलंच पाहिजे. नायट्रेटचे असतील तर काळजी नाही, नायट्रोजनचे असतील तर पाणी मर्यादेबाहेर आहे. ही मर्यादा आली ती तान्ह्या बाळांमुळे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळसर पडलेल्या बाळांची नोंद केली. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. सहा महिन्यांखालच्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळांना सर्वाधिक धोका. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडून जाते आणि नायट्रेट आणखी दाट होतं. क्लोरीननेही ते जात नाही.

आता हिशोब. ओंटारिओ सरकारची डी-५-४ नावाची मार्गदर्शक कार्यपद्धती आहे, १९९६ पासूनची. नवी वसाहत सार्वजनिक गटाराऐवजी घरोघरच्या सेप्टिक टँकवर चालणार असेल, तर तिथे आधी हे गणित करून दाखवावं लागतं. एका घरामागे रोज ४० ग्रॅम नायट्रोजन धरायचा, त्याच जागेवर पडून मुरणाऱ्या पावसात तो मिसळायचा, आणि वसाहतीच्या हद्दीवर १० मिलिग्रॅमच्या वर जातो का ते बघायचं. वरच्या बाजूने वाहत येणाऱ्या भूजलाची मदत सहसा धरू देत नाहीत, कारण वर उद्या आणखी घरं होतील. प्लॉट सरासरी एक हेक्टर किंवा मोठे असतील तर या तपशिलात सहसा जावं लागत नाही. यातलं शहाणपण मला फार आवडतं: परवानगी देण्याआधी हिशोब, विहीर बिघडल्यावर नाही.

तोच हिशोब मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एका हेक्टरवर करून पाहू. पाऊस ७०० मिलिमीटर धरा. त्यातला किती मुरतो? भूजल अंदाजाच्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी ७ टक्के आणि सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसॉल्टसाठी १३ टक्के धरतात. आपण मधला १० टक्के घेऊ. म्हणजे ७० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी वर्षाला ७ लाख लिटर पाणी. ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत हे पाणी साडेएकतीस किलो नायट्रेट सामावून घेऊ शकतं.

एका माणसाचा २.७ किलो नायट्रोजन घ्या. टाकीत, मातीत आणि हवेत मिळून निम्मा नाहीसा झाला असं धरू. उरला १.३५ किलो, त्याचं नायट्रेट होतं सुमारे ६ किलो. माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे जल जीवन मिशनच्या निकषाइतकं पाणी वापरून ते सगळं जमिनीत मुरलं, तर वर्षाला २० हजार लिटर होतं. तेही स्वतःपुरतं ०.९ किलो सामावतं. उरलेल्या ५.१ किलोला पावसाच्या पाण्याची गरज. साडेएकतीसला ५.१ ने भागा. उत्तर सहा.

एका हेक्टरवर सहा माणसं. गुंठ्यांत सांगायचं तर पाच जणांच्या कुटुंबाला जवळजवळ ८० गुंठे, म्हणजे दोन एकर. निम्म्याऐवजी चौथाई नायट्रोजनच भूजलात पोहोचतो असं उदार मनाने धरलं, तरी हेक्टरी पंधरा माणसं होतात आणि कुटुंबाला तेहतीस गुंठे लागतात. कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस आणि जांभ्यात ७ टक्के मुरतो असं धरलं तर पहिल्याच पद्धतीने हेक्टरी अठरा. आता गावठाणाकडे बघा. दाट गावठाणात हेक्टरी दीडशे माणसं असणं काही नवल नाही. तिथे मुरणाऱ्या पाण्यात नायट्रेट २४० मिलिग्रॅमच्या घरात निघतं, उदार हिशोबाने १२०. शहरांच्या कडेला दोन-तीन गुंठ्यांचे एनए प्लॉट पाडून प्रत्येकाला स्वतःचा बोअर आणि स्वतःचा सेप्टिक टँक देणाऱ्या वसाहतींचीही हीच गत. त्यातून रस्ते आणि अंगणं सिमेंटची झाली की मुरणारा पाऊस आणखी घटतो.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट घ्यायला हवा. २४० हा गावठाणाखाली मुरणाऱ्या पाण्याचा अंदाज आहे, विहिरीतल्या पाण्याचा नाही. विहिरीला आजूबाजूच्या शिवारातूनही झरे येतात, तलावाचं किंवा कालव्याचं पाणी मुरतं, काही नायट्रेट वाटेत फुटतं. प्रत्यक्ष मोजलेला आकडा बहुधा कमी येईल. यात सगळ्यात कच्चा दुवा पाऊस मुरण्याच्या टक्क्याचा, म्हणून हिशोब नेहमी कमीत कमी आणि जास्तीत जास्त टक्का धरून दोनदा करावा. दोन्ही उत्तरं मर्यादेबाहेर असतील तर शंकेला फारशी जागा उरत नाही. आणि एक गोष्ट इथेच सांगतो: सांडपाण्याचे शोषखड्डे या गुन्ह्यात जवळजवळ निर्दोष आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने गटारं बंद करून न्हाणीघराचं, भांड्यांचं पाणी खड्ड्यांत मुरवलं आणि ते राज्यभर गाजलं. अशा पाण्यात नायट्रोजन फार थोडा असतो. शौचालयाची जोडणी त्यात केली नाही तर नायट्रेटच्या बाबतीत ते मदतच करतं.

कागदावरचा हिशोब झाला की प्रत्यक्ष विहिरीतलं नायट्रेट माणसांचं की खताचं, हा प्रश्न येतो. पहिला साधा साक्षीदार क्लोराइड. आपण रोज मीठ खातो आणि ते तसंच बाहेर टाकतो, त्यामुळे मलमूत्राच्या पाण्यात नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढतं. युरियात क्लोराइड नसतं. शेतातल्या विहिरीत नायट्रेट जास्त पण क्लोराइड कमी, आणि गावठाणात दोन्ही जास्त, असं चित्र दिसलं तर इशारा पुरेसा आहे. पण नेहमीच्या पोटॅश खतातही क्लोराइड असतं, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरत नाही. ई-कोलाय सापडले तर मलमूत्राचा संबंध पक्का. सापडले नाहीत तर मात्र सुटका होत नाही. जंतू वाटेत मेले आणि नायट्रेट पोहोचलं, हे आपण वर पाहिलंच. नायट्रोजन-१५ या समस्थानिकाचं, म्हणजे नायट्रोजनच्याच जरा जड अणूंचं, प्रमाण हवेतल्या नायट्रोजनशी ताडूनही स्रोत ओळखतात. रासायनिक खताच्या बाबतीत हा फरक शून्याच्या आसपास, मलमूत्राच्या बाबतीत साधारण ८ ते २० प्रति हजार जास्त. ही चाचणी महाग आहे, आणि गोठ्यातलं शेण व माणसाचा मैला तिला वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्या गावांत गोठा आणि शौचालय एकाच भिंतीला लागून असतात, तेव्हा या पैशांत चार विहिरींचे साधे नमुने दोन ऋतूंत घेतलेले बरे, असं माझं मत आहे.

नमुने घेताना उताराची दिशा ओळखा. गावठाणाच्या वरच्या अंगाची एक विहीर, खालच्या अंगाच्या दोन, आणि शेतातली एक. पाणी एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मेमध्ये. पावसाळ्यात मुरलेलं पाणी वरच्या थरात साठलेलं नायट्रेट धुऊन खाली नेतं, म्हणून दिवाळीच्या सुमाराचा आकडा बऱ्याचदा चढा येतो. हातपंपाचं किंवा बोअरचं पाणी थोडा वेळ वाहू देऊन मग बाटली भरा, थंड ठेवा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा. बाटली उन्हात राहिली तर आकडा बदलतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा यासाठी आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना दिलेल्या तपासणी किटमध्येही नायट्रेटची रंग बघून करायची चाचणी असते. ती अचूक नसते, पण कुठली विहीर प्रयोगशाळेत पाठवायची हे ठरवायला पुरेशी आहे.

आकडा वाईट आला तर पहिलं काम बाळांचं. वरच्या दुधासाठी आणि गरोदर बायांना पिण्यासाठी त्या विहिरीचं पाणी वापरू नये. आरओ यंत्र नायट्रेट बरंचसं काढतं, पण टाकून दिलेल्या पाण्यात ते दाट होऊन पुन्हा मोरीतून जमिनीतच जातं. पिण्याचा स्रोत गावठाणाच्या वरच्या अंगाला हलवणं हा बहुतेक गावांना परवडणारा आणि लवकर होणारा उपाय. दाट वस्तीला गटार आणि सांडपाणी प्रक्रिया हवीच. टाकीच्या शेजारी आणखी टाक्या बांधून तिथे भागणार नाही. सुट्या घरांसाठी खोल खड्ड्याऐवजी टाकीचं पाणी उथळ चरातून, मुळांच्या पट्ट्यात सोडता येतं. कर्दळ, केळ यांना ते मानवतं आणि काळ्या मातीतला कर्बही कामी येतो. पण चर पिण्याच्या विहिरीपासून लांब हवा, वरून मातीने झाकलेला हवा, आणि त्या जागी कच्चा खायचा भाजीपाला नको. वॉटर्लूच्याच संशोधकांनी नव्वदच्या दशकात दूषित पाण्याच्या वाटेत लाकडाचा भुसा मिसळलेला थर घालून नायट्रेट फोडून दाखवलं. भुशातला कर्ब जिवाणूंना खाद्य म्हणून पुरतो. आपल्या भेगाळ खडकात असा थर पाण्याच्या नेमक्या वाटेत घालणं कठीण, पण शोषखड्ड्याच्या आधी वेगळ्या कप्प्यात, नायट्रेट बनून गेल्यावर, तो बसवता येतो.

यातलं काहीही केलं तरी विहिरीतला आकडा पुढच्याच वर्षी उतरेल असं नाही. खड्ड्याखालच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत आधीचं नायट्रेट साठलेलं असतं आणि ते दर पावसाळ्याला थोडं थोडं खाली येत राहतं. म्हणून त्याच विहिरींचे, त्याच दोन महिन्यांतले आकडे ग्रामपंचायतीच्या एका वहीत निदान पाच वर्षं लिहीत राहावं लागतं, एकक आणि पाणीपातळी यांच्यासकट.